मदत नको, काम द्या: मुलांना कुठल्या वयात कुठलं घरकाम आणि ते शिकवायचं कसं

मागच्या उन्हाळ्यातल्या एका गुरुवारपासून हे सगळं सुरू झालं. पुण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद म्हणजे शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येणार हे आपल्याला पाठ आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मंगळवारीच मेसेज आलेला. मी वाचला, नवऱ्याने वाचला, मोठीने वाचला (तेव्हा आठवीत होती), सासूबाईंनी तर मोठ्याने वाचून दाखवला, आणि बुधवारी रात्री आमच्यापैकी एकानेही एक बादली भरली नाही. गुरुवारी धाकट्याने सिंकचा नळ उघडला, पाणी नाही बघून तसाच सोडून खाली खेळायला पळाला. सिंकमध्ये ताट उलटं पडलेलं. त्या शुक्रवारी मात्र पहाटेच पाणी आलं तेव्हा आम्ही सगळे गाढ झोपेत. उठून बघते तर ओट्यावरून धबधबा, खालच्या कपाटातलं पाच किलो तांदळाचं पोतं भिजलेलं, आणि हॉलपर्यंत तळं.

आधी मी पोरांवर चिडले, मग पुसता पुसता लक्षात आलं की चूक पोरांची नाही. आमच्याकडे पोरं 'मदत' करायची. सांगितलं की करायची, आणि खरंच करायची हो, वाईट नाहीयेत. पण मदत म्हणजे काय, काम माझं आणि हात त्यांचे. पाणी भरायची आठवण ठेवणं, किती लागेल ते ठरवणं, बादल्या मोकळ्या करणं हे सगळं माझ्या डोक्यात, आणि त्या बुधवारी मी ऑफिसातून साडेनऊला आले आणि माझं डोकं बंद होतं. त्या दिवशी ठरवलं की मदत बंद, आता प्रत्येकाला स्वतःचं काम. वर्ष झालं आता. काय जमलं, काय आपटलं ते सांगते.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

मुलांना काही सांगायच्या आधी हे करा. फ्रिजवर एक कोरा कागद लावा आणि घरात जे जे काम होतं ते ज्याने केलं त्याने लिहायचं. सगळं. केर, फरशी, भांडी, कपडे हे तर येईलच, पण मीठ संपलंय हे लक्षात येणं, आजींच्या बीपीच्या गोळ्या आणणं, कुंड्यांना पाणी, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणं, शाळेच्या फॉर्मवर सही करणं, गिरणीतून दळण, इस्त्रीचे कपडे मोजून देणं, वायफायचं बिल. आमच्या कागदावर आठवड्यात ६३ कामं निघाली आणि त्यातली चाळीसच्या वर माझ्या अक्षरात होती. नवऱ्याने तो कागद बघितला आणि काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून दळण त्याच्याकडे गेलं. भाषण देण्यापेक्षा कागद बरा.

आता या कामांपुढे खुणा करा: रोजचं, आठवड्याचं, कधीमधी. मुलांना सुरुवातीला रोजचं एक आणि आठवड्याचं एक, एवढंच. पहिल्या उत्साहात मी मोठीला एकदम सात कामं दिली होती, चार दिवस टिकली.

वयाआधी तीन प्रश्न

नेटवर वयाचे तक्ते भरपूर मिळतात, पण एकाच वयाची दोन मुलं सारखी नसतात आणि तक्ता तयार करणाऱ्याने तुमचा ओटा बघितलेला नसतो. मी आता प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारते. पहिला, हात आणि उंची पोचते का? स्टुलावर चढून गॅसपाशी उभं राहायला लागत असेल तर ते काम त्या मुलाचं नाहीच, वय काही का असेना. दुसरा, चुकलं तर काय होईल? सांडेल, फुटेल, वाया जाईल इथपर्यंत चालेल. भाजेल, शॉक बसेल, डोळ्यात जाईल असं असेल तर थांबा. तिसरा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो: मधेच लक्ष दुसरीकडे गेलं तर काय? घड्या घालताना कार्टून बघितलं तर काही बिघडत नाही, दूध तापवताना बघितलं तर बिघडतं. ज्या मुलाचं लक्ष पाच मिनिटं टिकत नाही त्याला दहा मिनिटांचं गॅसचं काम देऊ नका.

आता वयानुसार. ही वयं अंदाजाने घ्या.

दोन ते पाच

या वयात त्यांना काम हवंच असतं, आपणच "सरक बाजूला, मला उशीर होतोय" म्हणून हाकलतो आणि मग दहाव्या वर्षी बोलावतो. चपला रॅकमध्ये ठेवणं, खेळणी टोपलीत टाकणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, स्वतःचे मळके कपडे मशीनपाशी नेऊन टाकणं, सांडलेलं पाणी फडक्याने टिपणं. चारपाच वर्षांचं मूल मटार मस्त सोलतं, मात्र शेजारी बसून, कारण आमच्या धाकट्याने तिसऱ्या वर्षी एक दाणा नाकात घातला होता आणि रविवारी दुपारी डॉक्टर शोधत आम्ही कर्वे रोडवर फिरलो. शेंगदाणे वगैरे तर इतक्या लहान मुलांच्या हातात देऊच नका, घशात अडकतात.

आणि हो, बुधवारी रात्री भरून ठेवलेल्या बादल्या. घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर बाथरूमचं दार बाहेरून कडी लावून बंद ठेवा. तोल जाऊन डोकं खाली गेलं तर अर्धी बादलीसुद्धा जीव घेऊ शकते, आणि आवाजही येत नाही.

सहा ते आठ

माझ्या मते घरकामाची खरी सुरुवात ही, कारण आता काम 'पूर्ण' म्हणजे काय ते कळतं. आमच्याकडे या वयाचं काम म्हणजे पानं घेणं. धाकटा सात वर्षांचा आहे आणि रात्रीची पानं त्याची. नुसती ताटं आपटायची नाहीत हं. घरात किती माणसं जेवणार हे त्याने विचारून यायचं, ताटं-वाट्या-भांडी मोजून घ्यायची, पाणी भरायचं, मग वाढायचं कसं ते शिकायचं: मीठ वर मधे, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. हे त्याला सासूबाईंनी शिकवलं. पहिल्यांदा म्हणाला, डावी बाजू का? त्या म्हणाल्या, जे थोडंथोडं खायचं ते डावीकडे. मला चाळीस वर्षांत कोणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपलं ताट उचलायचं, खरकटं ओल्या कचऱ्यात झटकायचं आणि ताट विसळून ठेवायचं, यात सुट्टी नाही, पाहुणे असले तरी नाही.

घरी भांड्यांना मावशी येतात त्यांनी तर हे जास्तच करा. वाळून कडक झालेला भात खरवडत बसणं हे मावशींचं काम नाही. काम द्यायला सुरुवात केल्यावर मावशींना काढून टाकू नका, पोरांनी शिकावं म्हणून कोणाचा तरी पगार जाण्यात काही अर्थ नाही.

बाकी याच वयात: कुंड्यांना पाणी, दप्तर भरणं, डबा शाळेतून आल्या आल्या सिंकमध्ये टाकणं, कोथिंबीर-मेथी निवडणं, लसूण सोलणं, रुमाल-टॉवेलच्या घड्या, बोथट सुरीने केळं किंवा उकडलेला बटाटा कापणं. पावसाळ्यात एक काम माझ्या धाकट्याला फार आवडतं, दर रविवारी तो 'डास पोलीस' असतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, बाल्कनीतला डबा, कूलरचं पाणी, जिथे जिथे पाणी साठलंय ते ओतून कोरडं करायचं. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला लागेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामं केलं की साखळी तुटते, हे त्याला समजलं आणि आता तो शेजारच्यांच्या कुंड्यांकडेही संशयाने बघतो.

नऊ ते अकरा

केर, घड्या, स्वतःचं अंथरूण, कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान, कचरा वेगळा करणं.

केर काढायला शिकवताना बहुतेक जण झाडू हातात देतात आणि म्हणतात काढ. असं नाही जमत. पंखा बंद, आधी खाली पडलेल्या वस्तू उचलायच्या, लांबच्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे यायचं, सोफ्याखाली आधी, मधला भाग शेवटी, आणि केर सुपलीत भरून डब्यात गेला की काम संपलं. दाराआड लोटला म्हणजे नाही! फरशी पुसताना उलटं चालायचं, म्हणजे पुसलेल्यावर आपलेच पाय उमटत नाहीत. या गोष्टी आपल्याला इतक्या सवयीच्या झाल्यात की सांगाव्या लागतात हेच विसरतो.

कचऱ्याचं सांगते. ओला, सुका एवढं तर शाळेतही शिकवतात, पण तिसरी पिशवी घरीच शिकवावी लागते: सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज हे कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं. 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई रोज दारोदार येऊन कचरा घेतात आणि पुढे हातानेच वेगळा करतात, लाल ठिपका दिसला की त्यांना उघडून बघावं लागत नाही. फुटलेली काचही अशीच जाड कागदात गुंडाळून, तोंडाने सांगून द्यायची. हे मुलग्यालाही शिकवा. माझ्या मुलीला मी सांगत होते तेव्हा धाकटा ऐकत होता, त्याने विचारलं पॅड म्हणजे काय, मी सांगितलं, पाच मिनिटांत विषय संपला.

गॅसची ओळख साधारण दहाच्या आसपास, तीही तुम्ही ओट्याशी उभे असताना. पहिला धडा पेटवायचा नाही, बंद करायचा. बटण कुठे, रेग्युलेटर कुठे, पाइपचा गॅस असेल तर त्याचा व्हॉल्व कुठे, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. वास आला तर लाइटचं बटण चालू किंवा बंद काहीच करायचं नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर. सिलेंडरवाल्यांसाठी गळतीचा हेल्पलाइन नंबर १९०६ आहे, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा, पाइप गॅसवाल्यांनी बिलावरचा आपत्कालीन नंबर लिहा. मग पहिला पदार्थ दूध. दूध तापवायला ठेवल्यावर जागा सोडायची नाही, एवढाच नियम. आमच्या मोठीने तीनदा उतू घालवलं, तिन्ही वेळा शेगडी तिनेच पुसली, चौथ्यांदा नाही घालवलं.

भाजलं तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही. गुरुवार असेल तर मगने पाणी ओतत राहा, पण वीस मिनिटं. मोठा फोड आला, चेहऱ्यावर किंवा हाताच्या पंजावर भाजलं, तर थेट डॉक्टर.

बारा ते चौदा

या वयात काम आणि तोंड दोन्ही वाढतं. मी मोठीला बाथरूम घासायचं काम दिलं तेव्हा ती म्हणाली ही बालमजुरी आहे, कायदा आहे माहितीये ना. मी म्हटलं शोध. तिने शोधलं. १९८६ चा कायदा, २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली, पण शाळेची वेळ सोडून घरच्यांना मदत करायला मोकळीक आहे. धोक्याचं काम नसेल तर. तिने लगेच 'धोक्याचं' हा शब्द पकडला. आणि त्यात तिचं बरोबर होतं, कारण मी तिला ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच दोन्ही एकाच टोपलीत दिलं होतं. हे दोन्ही कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्याशा बंद बाथरूममध्ये तो भयंकर त्रास देतो. आता तिला फक्त साधी पावडर, ब्रश आणि हातमोजे, ॲसिडचं काम आम्ही मोठी माणसं करतो, दार-खिडकी उघडून.

मशीन लावणं याच वयात: खिसे तपासा (टिश्यू पेपर राहिला तर सगळ्या काळ्या कपड्यांवर बर्फ पडतो), मोजे सुलटे करा, नवीन लाल-मरून कपडा पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळा, पावडर झाकणाने मोजून. आणि मशीन थांबल्यावर वाळत घालणं हाही त्याच कामाचा भाग. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस धुतलेले कपडे मशीनमध्येच कुबट व्हायचे, कारण तिच्या मते काम 'स्टार्ट' दाबल्यावर संपायचं. मी एकदाही वाळत घातले नाहीत. शाळेचा युनिफॉर्म कुबट वासाचा घालून गेली एक दिवस, मग झालं बरोबर.

आता कुकर, आणि इथे घाई करू नका. क्रम असा शिकवा. तांदूळ दोन-तीनदा धुवायचे. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी धरून सुरुवात, जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी, ते घरच्या पोत्यावरून आठवड्याभरात कळतं. भांडी आत ठेवण्याआधी कुकरच्या तळाशी पाणी घातलंय का ते बघायचं, नवशिके हमखास हेच विसरतात. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, डाळ थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर निम्म्याच्या वर नाही, कारण फेस वर येऊन वाट अडवतो. झाकण लावण्याआधी वाफेच्या नळीचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघायचं, रिंग बसलीये का बघायचं. तीन शिट्ट्या, बंद. आणि मग काहीही झालं तरी, भूक लागली तरी, मित्र खाली थांबला तरी, वाफ आपोआप जाईपर्यंत झाकणाला हात नाही. शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढायची नाही, हे आपण स्वतः करतो आणि पोरं तेच बघतात, म्हणून आधी आपण बंद करा. मी केलंय, अवघड गेलं.

भात जमला की मुगाची खिचडी, मग पोहे, मग कणीक. पोळ्यांची घाई नाही, कणीक नीट मळता आली तरी घरातल्या बाईचा अर्धा तास वाचतो. आमच्याकडे रविवारची रात्र मोठीची असते: काय करायचं ते तिने ठरवायचं, सामान आहे का ते शनिवारीच बघायचं, नसेल तर यादी, स्वयंपाक, आणि ओटा पुसून सिंक मोकळं करून मग स्वयंपाकघरातून बाहेर. पहिल्या महिन्यात चारही रविवार खिचडी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, आजारी असल्यासारखं वाटतंय. पण खाल्ली.

पंधरा ते अठरा

या शहरात दर जूनमध्ये बाहेरगावहून हजारो मुलं कॉलेजला येतात, कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन) राहतात, आणि दोन महिन्यांत कळतं कोणाला घरून काही येत होतं आणि कोणाला नाही. आपली पोरं घरातच राहून कॉलेजला जातात म्हणून त्यांचं हे लांबतं, एवढंच. तर या वयात कामं कमी आणि जबाबदारी जास्त: लाइटचं बिल वाचून युनिट मागच्या महिन्यापेक्षा का वाढले ते शोधणं, सिलेंडर बुक करणं, आजींना डॉक्टरकडे नेऊन औषधं समजून घेऊन येणं, दळण. दळणातही विद्या आहे हो, ज्वारी दिली की गिरणीवाल्या काकांना "ज्वारीवरच दळा" म्हणून सांगायचं, नाहीतर आधीच्या दळणाचं पीठ त्यात येतं आणि भाकरी बिघडते. वर्षातून एक अख्खा आठवडा घरखर्चाचे पैसे त्यांच्या हातात द्या, भाजी-दूध-किराणा सगळं त्यातून. माझ्या बहिणीने हे तिच्या सोळा वर्षांच्या मुलावर केलं, बुधवारपर्यंत तो पनीरवरून थेट गवारीवर आला.

एक मात्र पुणेकर म्हणून सांगते. "जा रे पटकन गाडीवरून दूध घेऊन ये" हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सांगू नका. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, आणि रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत, म्हणजे अठराशिवाय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सायकल द्या, चालत जाऊ दे.

पाणी तापवायचा रॉड, मिक्सरच्या भांड्यात हात घालून पातं साफ करणं, बाहेरच्या बाजूने खिडकीच्या काचा पुसणं, माळ्यावर चढणं ही कामं मी अठरा होईपर्यंत कोणाला देत नाही, रॉड तर घरातूनच काढून टाकलाय.

शिकवायचं कसं

चार वेळा. पहिल्यांदा तुम्ही करा आणि तोंडाने सांगत करा. दुसऱ्यांदा दोघांनी मिळून. तिसऱ्यांदा त्याने करायचं, तुम्ही तिथेच बसायचं, हात मांडीखाली दाबून, अक्षरशः. चौथ्यांदा तुम्ही त्या खोलीत नसायचं. बहुतेक आया तिसऱ्या पायरीवर नापास होतात, मीही झाले. ओटा पुसताना कोपरा राहिला की आपला हात जातोच फडक्याकडे. तो गेला की मुलाला कळतं, मी कसंही केलं तरी आई नंतर करणारच आहे. कोपरा राहिला असेल तर त्यालाच बोलवा, "हे बघ राहिलंय", बास. मागून त्याच्या नकळत घड्या परत घालू नका. मी घालायचे. एकदा मोठीने बघितलं आणि पुढचा महिनाभर घड्या घातल्या नाहीत, म्हणाली तू घालतेसच ना.

'पूर्ण' म्हणजे काय ते आधी ठरवून लिहून ठेवा. आमच्या फ्रिजवर आहे: "सिंक मोकळं = भांडी घासलेली + जाळीतलं खरकटं काढलेलं + सिंक कोरडं + नळ बंद." नळ बंद हे मी लाल पेनाने लिहिलंय, का ते तुम्हाला माहितीये.

आठवण करून देणं हे अर्धं काम असतं, तेही द्या. कामाला घड्याळाची वेळ देऊ नका, रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. "सात वाजता कुंड्यांना पाणी" कोणाच्या लक्षात राहत नाही, "दूध प्यायल्यावर कुंड्यांना पाणी" राहतं. तरी विसरले तर? जे काम न झाल्याने त्यांचंच अडेल ते अडू द्या. डबा धुवायला टाकला नाही तर दुसऱ्या दिवशी डबा भरायचा नाही, प्लेटमधली पोळीभाजी कागदात गुंडाळून द्यायची. ज्याने सगळ्यांचं अडेल, जसं पाणी, त्याला पहिले दोन महिने एकदाच विचारायचं, "आज कुठला वार?" एवढंच, पुढे काही नाही.

पैशाचं

रोजच्या कामाला पैसे नाहीत. मला कोणी पोळ्यांचे देत नाही. जादाचं काम, दिवाळीआधीचा पंखा पुसणं, गाडी धुणं, रद्दी बांधून विकून येणं, याला देते. रद्दीचे पैसे तर सगळे त्यांचेच. काही घरांत प्रत्येक कामाला रेट असतो, माझ्या ओळखीच्या एका घरी होतं तसं, मग एकदा मुलगा म्हणाला मला आज पैसे नकोत म्हणून भांडी पण नकोत. आता काय बोलणार.

परीक्षेत सुट्टी द्यायची का? दहावी-बारावीच्या महिनाभर आधी जड काम काढा, पण स्वतःचं ताट आणि स्वतःचं अंथरूण राहू दे. पंधरा मिनिटांनी मार्क जात नाहीत.

आणि घरातली मोठी माणसं. "अगं त्याला कशाला, मुलगा आहे तो" हे आमच्याकडेही झालं. मी वाद घातला नाही, त्याला कामं शिकवायचं कामच सासूबाईंना दिलं. पानं त्यांनी शिकवली, मेथी निवडणं त्यांनी शिकवलं, आणि आता पानात लिंबू विसरला तर माझ्याआधी त्याच ओरडतात. नवऱ्याचं नाव मात्र त्याच कागदावर, त्याच रकान्यात असलं पाहिजे. बाबा सोफ्यावर आणि पोरं झाडू घेऊन, हे दोन दिवसही चालत नाही.

तर बुधवारचं पाणी आता मोठीचं आहे. पिण्याचं दोन कळशा, स्वयंपाकाचं एक पातेलं, भांड्यांना एक बादली, अंघोळीला माणशी एक, फ्लशला ड्रम, झाकणं लावून, आणि झोपायच्या आधी घरातले सगळे नळ फिरवून बघायचे. मागच्या गुरुवारी मी घाईत दुसऱ्या बादलीत मग घातला तर बाहेरून आवाज आला, "आई, एकच. ती भांड्यांची आहे."